जपानी मुद्राचित्रांतला पाऊस कसा पाहावा: लाकडात शिल्लक ठेवलेली रेघ

पावसाच्या पाण्याला रंग नसतो, कडा नसते आणि ते एका जागी थांबतही नाही. म्हणजे एखादी गोष्ट चित्रात उतरवण्यासाठी जे जे लागते त्यातले पावसाजवळ जवळपास काहीच नसते. एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) जपानी मुद्राचित्रकारांनी, म्हणजे लाकडी ठोकळे कोरून कागदावर चित्रे छापणाऱ्यांनी, या अडचणीवर काढलेला तोडगा आज इतका सवयीचा झाला आहे की तो कुणीतरी शोधून काढला होता हेच विसरायला होते. त्यांनी पाऊस रेघांनी दाखवला. या रेघा त्यांनी ओढल्या असे म्हणणे मात्र नेमके नाही, कारण लाकडी ठोकळ्यावर काळी रेघ ओढता येत नाही. तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढून टाकून ती शिल्लक ठेवावी लागते. हा एक मुद्दा मनात पक्का ठेवला तर या चित्रांतला पाऊस पाहण्याची पद्धतच बदलते, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच मुद्द्यावर उभ्या आहेत.

हा लेख चित्रे विकत घेणाऱ्यांसाठी नाही, पाहणाऱ्यांसाठी आहे. एक बऱ्या आकाराचा संगणकाचा पडदा, एक मोजपट्टी, एक वही आणि दोन-तीन मोकळ्या संध्याकाळी एवढे भांडवल पुरते. शेवटच्या पायरीसाठी लायनोचे (कोरून छपाई करायच्या मऊ लिनोलियमचे) तीन तुकडे आणि कोरण्याची साधी हत्यारे लागतील.

पहिली पायरी: चित्र त्याच्या खऱ्या आकारात आणा

न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन म्युझियम, ब्रुकलिन म्युझियम आणि आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो या तिन्ही संस्थांनी आपल्याकडची जपानी मुद्राचित्रे मोठ्या आकारात आणि विनामूल्य पाहण्यासाठी संकेतस्थळांवर ठेवली आहेत. यांपैकी कुठूनही उतागावा हिरोशिगे (१७९७ ते १८५८) याचे ‘ओहाशी पूल आणि आताके येथील अवचित सर’ हे १८५७ सालचे चित्र उघडा. या चित्रांचा नेहमीचा आकार ‘ओबान’ म्हणून ओळखला जातो आणि तो साधारण ३८ बाय २६ सेंटिमीटर भरतो, तेव्हा पडद्यावरचे चित्र मोजपट्टी लावून जवळपास तेवढे होईल असे करून घ्या. फोनवर हे चित्र पाहून काही हाती लागत नाही, कारण पावसाच्या रेघा केसाइतक्या बारीक असतात आणि चित्र लहान केले की त्या एकमेकींत मिसळून नुसता करडा पडदा उरतो. भिंतीएवढे मोठे करूनही उपयोग नाही, कारण मग रेघा दिसतात, पण पाऊस दिसत नाही. एदोमधल्या, म्हणजे आजच्या टोकियोमधल्या, माणसाने हे चित्र हातात धरून, पुस्तक वाचावे तसे पाहिलेले असते, आणि पावसाची सगळी गणिते त्याच अंतरासाठी मांडलेली आहेत.

दुसरी पायरी: रेघेमागचे हात ओळखा

चित्रावर नाव चित्रकाराचे असले तरी ते चार जणांचे काम असते. प्रकाशक पैसा घालतो आणि विषय ठरवतो. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाटन करतो. कोरणारा तो कागद डोंगरी चेरीच्या घट्ट लाकडावर पालथा चिकटवून कोरतो. आणि छपाई करणारा ठोकळ्यावर रंग व तांदळाची खळ पसरून, ओलसर केलेला हातकागद त्यावर ठेवून, बांबूच्या पापुद्र्यात गुंडाळलेल्या ‘बारेन’ नावाच्या चकतीने मागून घासतो. प्रत्येक रंगाला सहसा वेगळा ठोकळा लागतो आणि प्रत्येक ठोकळ्याच्या कडेला ‘केन्तो’ नावाच्या दोन खाचा असतात, ज्यांना टेकवून कागद ठेवला की सगळे रंग आपापल्या जागी बसतात.

आता पावसाची एक रेघ घ्या. ती कोरताना सुरीने आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने चिरा देऊन आजूबाजूचे लाकूड उपसावे लागते, आणि मागे उरते ती लाकडाची वीतभर लांब, केसभर रुंद अशी भिंत. हात एकदा घसरला की ती भिंत तुटते आणि त्या जागी पाऊसही तुटतो. उलट पांढऱ्या रेघांचा पाऊस हवा असेल तर रंगाच्या ठोकळ्यावर खाचा पाडल्या की काम भागते, कारण खाचेत रंग लागत नाही आणि तिथे कोरा कागद दिसतो. म्हणून कोणत्याही पावसाच्या चित्रासमोर बसल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा की ही रेघ उरवलेली आहे की उकरलेली. काळी किंवा करडी रेघ असेल तर तिच्यामागे कोरणाऱ्याचे कित्येक तास आहेत. आपल्याकडच्या पहाडी आणि राजस्थानी लघुचित्रांतही पाऊस रेघांनी आणि ठिपक्यांनी दाखवलेला आहे, पण तिथे चित्रकार कुंचल्याने रंगांवर तो थेट फटकारत जातो. तिथली रेघ हाताच्या झटक्यातून आलेली असते, इथली कोरण्याच्या सबुरीतून.

तिसरी पायरी: पावसाचे नाव वाचा

जपानी येत नसले तरी एक अक्षर ओळखायला शिकून घ्यावे. वर एक आडवी रेघ, तिच्याखाली खिडकीसारखी चौकट, मधोमध उभा दांडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून चार थेंब: हे पावसाचे अक्षर आहे. चित्राच्या कोपऱ्यातल्या रंगीत चौकटीत ते सापडले की ते एकटे आहे की त्याच्या आधी आणखी काही आहे हे पाहावे, कारण मराठीत वळीव, झड, भुरभुर, बुरंगट आणि संततधार यांत जसा कुणी घोटाळा करत नाही, तसाच जपानीतही करत नाही. ‘हारुसामे’ हा वसंतातला हळुवार, भुरभुरणारा पाऊस. ‘समिदारे’ ही जुन्या पंचांगातल्या पाचव्या महिन्याची, दिवसेंदिवस न थांबणारी झड. ‘युदाची’ ही उन्हाळ्यातल्या दुपारनंतरची आपल्या वळवाच्या जवळ जाणारी सर. ‘शिगुरे’ हा शरद सरता सरता येऊन-जाऊन पडणारा गार पाऊस. आणि ‘हाकुउ’, म्हणजे शब्दशः पांढरा पाऊस, ही धाडकन कोसळणारी जोराची सर. चित्रकार नाव लिहून मोकळा होत नाही, रेघांची जाडी, तिरपेपणा आणि दाटी त्या नावाला धरून ठरते. त्यामुळे नाव वाचल्यावर एकदा डोळे मिटून त्या जातीचा पाऊस आठवावा आणि मग चित्रातला पाऊस त्याच्याशी ताडून पाहावा.

काही नावांत गोष्टी दडलेल्या असतात. हिरोशिगेच्या ‘तोकाइदोवरील त्रेपन्न मुक्काम’ या १८३३-३४ च्या मालिकेत (तोकाइदो म्हणजे एदो आणि क्योतो यांना जोडणारा हमरस्ता) ओइसो या मुक्कामाच्या चित्राला ‘तोराचा पाऊस’ असे नाव आहे. तोरा ही सोगा घराण्यातल्या थोरल्या भावाची प्रेयसी. या दोन भावांनी ११९३ साली वडिलांच्या खुनाचा सूड घेतला आणि त्यात त्यांचा अंत झाला. पाचव्या महिन्याच्या अठ्ठाविसाव्या दिवशी पडणारा पाऊस म्हणजे तिचे अश्रू, असा समज जपानमध्ये रूढ झाला. हे ठाऊक नसेल तर चित्रात ओल्या रस्त्याने गावात शिरणारे काही प्रवासी एवढेच दिसते. ठाऊक असेल तर त्या चित्राचा मंद, न ओरडणारा पाऊस असाच का असायला हवा होता ते कळते. त्याच मालिकेतले त्सुचियामाचे चित्र ‘वसंतातला पाऊस’ या नावाचे आहे. पाणी चढलेल्या ओढ्यावरच्या पुलावरून एका सरदाराचा लवाजमा चालला आहे आणि माना इतक्या खाली घातल्या आहेत की टोप्या आणि पावसाळी आवरणे यांपलीकडे माणूस फारसा दिसत नाही. सरदारी मिरवणुकीचा सगळा डौल पावसाने असा धुऊन काढलेला पाहताना एदोतल्या सामान्य ग्राहकाला थोडी गंमत वाटली असेल, असा माझा तर्क आहे.

चौथी पायरी: रेघ कुठे नाही ते शोधा

कात्सुशिका होकुसाईच्या ‘फुजीची छत्तीस दर्शने’ या मालिकेत, साधारण १८३०-३२ च्या सुमाराचे, ‘शिखराखालची पांढरी सर’ नावाचे मुद्राचित्र आहे. त्याच्या नावात पाऊस आहे, पण चित्रात पावसाची एकही रेघ नाही. वरच्या भागात फुजीचे शिखर स्वच्छ निळ्या आकाशात उभे आहे, खालचा उतार गडद होत जवळजवळ काळा झाला आहे आणि त्या काळोखात उजवीकडे नारिंगी विजेची वाकडीतिकडी रेघ कोरलेली आहे. पाऊस पडतो आहे तो त्या काळोखाच्या आत, आपल्या नजरेखाली. पर्वत इतका उंच की वादळ त्याच्या पायथ्याशीच राहते, हे सांगण्यासाठी पाऊस न काढणे हाच मार्ग होता. मला हे चित्र पावसाच्या अभ्यासात अनिवार्य वाटते, कारण रेघ ही सवय नसून निवड आहे हे त्याच्यातून कळते.

रेघ असली तरी ती कुठून कुठे जाते हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. ती माणसांच्या अंगावरून जाते का? छत्रीखाली थांबते का? पाण्याला टेकल्यावर संपते का? बहुतेक चित्रांत ती न थांबता सगळ्यावरून सरळ जाते, छत्रीच्या आडोशाच्या जागीसुद्धा, आणि त्यामुळे पाऊस चित्रातल्या वस्तूंमध्ये न पडता पाहणारा आणि चित्र यांच्या मधे पडत असल्यासारखा वाटतो. उंबऱ्यात उभे राहून समोरच्या घराकडे पाहताना आपल्यालाही तो तसाच दिसतो.

पाचवी पायरी: ओहाशीच्या पुलावर थांबा

आता पहिल्या पायरीला उघडलेल्या चित्राकडे परत या आणि त्याला किमान अर्धा तास द्या. हे चित्र ‘एदोची शंभर प्रसिद्ध स्थळे’ या हिरोशिगेच्या अखेरच्या मोठ्या मालिकेतले आहे. ती १८५६ साली उओया एइकिची या प्रकाशकाने काढायला सुरुवात केली आणि नाव शंभराचे असले तरी चित्रांची संख्या शंभराच्या पुढे गेली. पूल आहे सुमिदा नदीवरचा शिन-ओहाशी, म्हणजे नवा मोठा पूल, जो पहिल्यांदा १६९३ साली बांधला गेला. पलीकडचा काठ म्हणजे आताके; शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी शासकाच्या, आताकेमारू नावाच्या प्रचंड लढाऊ जहाजावरून त्या भागाला हे नाव पडले.

सुरुवात रेघांपासून करा. मोजपट्टी पडद्यावर एका रेघेला समांतर धरा आणि मग शेजारच्या रेघेकडे पाहा: काही रेघा पट्टीला समांतर राहतील, काही अगदी थोड्या कोनाने तिला छेदून जातील. याचे कारण असे की पावसासाठी इथे एक नव्हे, दोन ठोकळे कोरलेले आहेत आणि दोन्हींच्या रेघांचा कल किंचित वेगळा ठेवला आहे. एकाच कलाच्या रेघा असत्या तर सूत ताणून ठेवल्यासारखा कोरडा परिणाम झाला असता, आणि कोनांतला फरक जास्त असता तर जाळीच तयार झाली असती. इथे तो फरक इतका बेताचा आहे की डोळ्याला दोन थर वेगळे कळत नाहीत, पण पाऊस हलतो आहे असे मात्र वाटते. या संपूर्ण परंपरेतला हा सर्वांत हुशार निर्णय आहे असे माझे मत आहे, आणि तो सुरीच्या टोकावर घेतलेला निर्णय आहे.

मग वर जा. चित्राच्या माथ्यावर काळ्या ढगांचा पट्टा आहे आणि त्याची खालची कड ओबडधोबड, विरत जाणारी आहे. ही कड कुणी कोरलेली नाही. रंगाची छटा उतरवत नेण्याच्या पद्धतीला ‘बोकाशी’ म्हणतात, आणि इथे तिचा असा प्रकार वापरला आहे की छपाई करणारा सपाट ठोकळ्यावर ओला रंग हाताने पसरून ढगाचा आकार दर वेळी नव्याने घडवतो. म्हणजे खालचा पाऊस प्रत्येक प्रतीत तोच, आणि वरचा ढग प्रत्येक प्रतीत वेगळा. हे खरे वाटत नसेल तर दोन-तीन संग्रहालयांतल्या प्रती शेजारी-शेजारी उघडून ढगाच्या कडेचे टोक कुठे येते ते वहीत रेखाटून पाहावे.

त्यानंतर पलीकडच्या काठाकडे पाहा. तो क्षितिजाला समांतर नाही, तिरपा आहे, आणि पूल त्याच्या उलट दिशेने तिरपा गेला आहे. या दोन तिरप्यांच्या मधे नदीत एकटा नावाडी लाकडाच्या ओंडक्यांचा तराफा बांबूने ढकलतो आहे. काठावरची घरे-झाडे बाह्यरेषेशिवाय, नुसत्या करड्या सपाट आकारांत छापली आहेत. पुलावरची माणसे आखडून, वाकून, मिळेल ते डोक्यावर घेऊन चालली आहेत, आणि चित्रात कुणाचाही चेहरा नीट दिसत नाही. काही प्रतींत दूरच्या काठापाशी दोन होड्यांच्या आकृती दिसतात, काहींत नाहीत. म्हणजे या चित्राचे ठोकळे वेगवेगळ्या टप्प्यांवर बदलले गेले. तुमच्या समोरची प्रत कोणती ते तपासून घ्या.

याच चित्राची विन्सेंट व्हॅन गॉगने १८८७ साली पॅरिसमध्ये तैलरंगात केलेली नक्कल ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममध्ये आहे. ती शेजारी उघडली की लाकडाची रेघ आणि कुंचल्याची रेघ यांतला फरक क्षणात कळतो. त्याची नदी हिरव्या-निळ्या रंगात जिवंत, फटकाऱ्यांनी भरलेली आहे आणि त्याने कडेने इतर मुद्राचित्रांवरून उतरवलेल्या जपानी अक्षरांची चौकट काढली आहे. पण ओल्या, जाड रंगावर ओढलेला त्याचा पाऊस कुठे बुडतो, कुठे उठतो, आणि चित्राला पुढून झाकून टाकण्याचे काम तो करत नाही. नक्कल म्हणून ती कमी आहे असे मला म्हणायचे नाही. तैलरंगाला जे जमत नाही ते कुठले, एवढेच ती दाखवते.

सहावी पायरी: वारा आणि अंधार

पावसाबरोबर वारा असेल तर तो शोनोच्या चित्रात पाहावा. ‘त्रेपन्न मुक्काम’ मालिकेतल्या या ‘पांढऱ्या सरी’त चढाचा रस्ता आहे, झाकलेली डोली घेऊन भोई वर चढत आहेत आणि छत्रीवाला व खांद्यावर कुदळ टाकलेला शेतकरी उलट्या बाजूला खाली धावत आहेत. पार्श्वभूमीला बांबूचे बन वाऱ्याने झुकले आहे आणि ते करड्या रंगाच्या दोन-तीन छटांत, बाह्यरेषेशिवाय, मागेमागे विरत जाते. इथे क्रम उलटा घ्या: आधी बांबूचा झोक मोजा, मग रस्त्याचा उतार, मग पावसाचा कल. तीन वेगवेगळे तिरपेपणे एकमेकांना भिडतात आणि त्या भांडणात माणसे सापडलेली आहेत. रेघा झाकून पाहिल्या तरी हे चित्र पावसाचेच राहते. त्यातली खरी करामत बांबूच्या छटांची आहे.

‘काराझाकी येथील रात्रीचा पाऊस’ हे ‘ओमीची आठ दर्शने’ या १८३४ च्या सुमाराच्या मालिकेतले चित्र याच्या अगदी उलट आहे. ‘रात्रीचा पाऊस’ हा आठांतला एक ठरीव विषय मुळात चीनमधल्या शाओ-श्यांग प्रदेशाच्या आठ दर्शनांच्या परंपरेतून आला आणि जपानमध्ये तो बिवा सरोवराकाठच्या काराझाकीच्या प्रचंड पाइन वृक्षाला चिकटला. चित्रात दुसरे जवळपास काहीच नाही: अंधारात झाडाचा पसरलेला गडद ढीग आणि त्यावर सरळ, दाट, उभा पाऊस. वारा नाही, माणूस नाही, घाई नाही. संततधार शब्दाचे चित्र कुणी मागितले तर मी हेच दाखवीन.

सातवी पायरी: माणसांच्या अंगावर काय आहे ते पाहा

शेतकरी आणि नावाडी यांच्या अंगावर गवताचा किंवा पेंढ्याचा झगा दिसेल, त्याला ‘मिनो’ म्हणतात. कोकणातले इरले पाहिलेल्या माणसाला त्याची ओळख पटायला वेळ लागत नाही. प्रवाशांच्या अंगावरच्या पावसाळी आवरणाला ‘काप्पा’ म्हणतात आणि तो शब्द पोर्तुगीजांच्या ‘कापा’वरून जपानीत आला आहे. छत्र्या बांबूच्या काड्यांवर तेल लावलेला कागद ताणून केलेल्या असतात आणि त्यांच्यावर मोठी अक्षरे दिसली तर ती शोभेची नसून बहुधा दुकानाच्या नावाची असतात. शोनोच्या चित्रातल्या छत्रीवर तर आरंभीच्या प्रतींत प्रकाशक ताकेनोउची याचे नाव आणि ‘त्रेपन्न मुक्काम’ ही अक्षरे आहेत. भर पावसात धावणाऱ्या माणसाच्या डोक्यावर जाहिरात छापण्याची ही हुशारी नंतरच्या प्रतींत नाहीशी होते. उतागावा कुनियोशीच्या ‘ओन्मायागाशी’ या चित्रात एका छत्रीखाली तीन पुरुष दाटीवाटीने चालले आहेत आणि समोरून दुसरा माणूस छत्र्यांचा अख्खा भारा घेऊन येतो आहे. हा विनोद समजायला कोणत्याही टिपणाची गरज नाही.

याहून जुना आणि नाजूक नमुना सुझुकी हारुनोबुचा आहे. १७६५ साली अनेक रंगांच्या ठोकळ्यांची छपाई रुळली ती हौशी मंडळींनी खासगीत काढलेल्या चित्रदिनदर्शिकांमुळे, आणि त्यांपैकीच एकात अवचित आलेल्या सरीत दोरीवरचे कपडे काढायला एक स्त्री धावते आहे. वाळत घातलेल्या किमोनोवरच्या नक्षीतच त्या वर्षाचे नाव आणि मोठ्या (तीस दिवसांच्या) महिन्यांचे आकडे लपवलेले आहेत. पाऊस आला की आधी दोरी गाठायची, ही धांदल अडीचशे वर्षांत बदललेली नाही.

आठवी पायरी: एकाच चित्राच्या दोन प्रती ताडून पाहा

लाकडाच्या बारीक भिंती छपाईच्या दाबाने झिजतात आणि तुटतात, म्हणून एखाद्या चित्राची प्रत आधीची की नंतरची हे ताडायला पावसाच्या रेघा फार उपयोगी पडतात. एक छोटा चौकोन निवडा, समजा चित्राचा वरचा डावा कोपरा, आणि दोन प्रतींत त्या चौकोनातल्या रेघा मोजा. एका प्रतीत सलग असलेली रेघ दुसरीत मधेच तुटली असेल, तर दुसरी प्रत बहुधा नंतरची. रेघांची टोके पाहा. ती निमुळती आणि धारदार असतील तर ठोकळा ताजा होता, बोथट आणि जाडसर असतील तर तो थकलेला होता. छटांचे काम वेळखाऊ असल्यामुळे नंतरच्या प्रतींत ते पुष्कळदा सोपे केलेले किंवा गाळलेले असते. रंगांवरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नये, कारण वनस्पतिजन्य रंग उजेडाने उडतात आणि एखादी फिकी प्रतही आरंभीची असू शकते. १८३० च्या सुमारास सर्रास वापरात आलेला, बर्लिनच्या नावावरून ‘बेरो’ म्हणून ओळखला जाणारा निळा रंग त्या मानाने चांगला टिकतो. पावसाळी चित्रांतली नदी अजून इतकी निळी दिसते ती त्याच्यामुळे. ‘शंभर स्थळे’ मालिकेत समासात किंवा चित्राच्या कडेला तपासणीचे आणि तारखेचे गोल-लंबगोल शिक्के असतात. आताकेच्या चित्रावर सर्पवर्षाच्या (बारा प्राण्यांच्या नावांच्या वर्षचक्रातल्या सापाच्या वर्षाच्या) नवव्या महिन्याचा शिक्का आहे आणि त्यावरूनच १८५७ हे साल ठरते.

नववी पायरी: नंतरचा पाऊस

मेइजी काळात (१८६८ ते १९१२) कोबायाशी कियोचिकाने आणि विसाव्या शतकात प्रकाशक वातानाबे शोझाबुरोच्या आश्रयाने कावासे हासुईने (१८८३ ते १९५७) हाच पाऊस पुढे नेला. हासुईचे १९२६ सालचे ‘शिन-ओहाशी’ हे चित्र मुद्दाम पाहावे, कारण पूल त्याच ठिकाणचा, पण आता लोखंडी; रात्र आहे, रिक्षा ओढणारा माणूस चालला आहे आणि दिव्यांचा उजेड ओल्या रस्त्यावर सांडला आहे. हिरोशिगेला पाऊस वरून पडताना दाखवायचा होता. हासुईला तो पडून गेल्यावर जमिनीवर काय करतो यात जास्त रस आहे. योशिदा हिरोशीचे १९२९ सालचे कागुराझाका रस्त्याचे चित्र त्याहून पुढे जाते: पाऊस थांबला आहे, आणि ओल्या फरसबंदीतली प्रतिबिंबे हेच चित्र झाले आहे. हाच योशिदा नंतर हिंदुस्थानात आला आणि त्याने अजिंठ्याच्या लेण्याचेही मुद्राचित्र केले. ते मात्र कोरडे आहे.

शेवटची पायरी: स्वतः एक रेघ शिल्लक ठेवून पाहा

लायनोचे १५ बाय १० सेंटिमीटरचे तीन तुकडे घ्या. पहिल्यावर इंग्रजी व्हीच्या आकाराच्या हत्याराने दहा तिरप्या खाचा पाडा, शाई लावा आणि कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासा. पंधरा मिनिटांत पांढरा पाऊस तयार होईल, आणि लक्षात येईल की तो तुम्ही काढला होता त्याच्या उलट बाजूला झुकला आहे. जपानी कोरणारा चित्र पालथे का चिकटवत असे, ते इथे हाताला कळते.

दुसऱ्या तुकड्यावर दहा रेघा आखून त्या शिल्लक ठेवा. प्रत्येक रेघेच्या दोन्ही बाजूंना सुरीने चीर द्या, सुरीचे टोक खाली जाताना रेघेपासून बाहेरच्या बाजूला जाईल अशी ती कलती धरा म्हणजे भिंतीचा पाया रुंद राहील, आणि मग मधले लायनो उपसा. रुंदी एक मिलिमीटरच्या खाली न्यायचा प्रयत्न करा. दहापैकी चार-पाच रेघा तुटल्या तर निराश होऊ नका. तिसऱ्या तुकड्यावर तेच करा, पण रेघांचा कल पाच ते दहा अंशांनी बदला. आता पुठ्ठ्याच्या काटकोनात ठोकळे टेकवून, पाणी घालून करडी केलेली शाई वापरून, एकाच कागदावर आधी दुसरा आणि तो वाळल्यावर तिसरा तुकडा छापा. कोन जास्त झाला असेल तर चाळणीची जाळी दिसेल, कमी झाला असेल तर रेघा एकमेकींवर बसून जाड पट्टे होतील. त्यांच्या मधे कुठेतरी असा एक कोन आहे जिथे कागदावरच्या रेघा हलू लागतात. तो सापडला की ती प्रत वाळवून आताकेच्या चित्राशेजारी ठेवा, आणि मोजपट्टीने दोन्ही कोन ताडून पाहा.